जुन्या गाडीला नवा रंग

घरात लग्न ठरले की दारातल्या अब्बांच्या काळातल्या प्रीमियर पद्मिनीला रंग देण्याची गोष्ट निघतेच. येवल्यातल्या घरांना आमचे सांगणे एवढेच, की जुन्या रंगावर थेट नवा हात मारू नये. आत गंज असेल तर तो पत्रा खातच राहतो. जुना रंग थिनरने विरघळणारा असेल तर नवा रंग सुरकुततो. म्हणून आधी कोपऱ्यात थिनरचा बोळा घासून पाहावा. बोळ्याला रंग लागला तर जुना थर खरवडावा.

मात्र जुन्या रंगात शिसे असू शकते. कोरडे घासू नये. पॉलिश पेपर पाण्यात भिजवूनच वापरावा, मुलांना दूर ठेवावे. गाडी पुन्हा रंगवता येते, पण शिशाने मुलांच्या मेंदूला झालेली इजा भरून निघत नाही.