फॉरमॅट मारण्याआधी थांबा!

शिक्षक मित्रांनो, शाळेतला संगणक जरा रखडला की सल्ला ठरलेला : "सर, विंडोज नवीन टाकून घ्या." माझं मत स्पष्ट आहे. हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

कारण साधं आहे. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फाईली सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात. तिथे फॉरमॅट मारला की निकालपत्रकं, प्रश्नपत्रिका, जुने मराठी फॉन्ट, सगळं पुसलं जातं. सुरगाणा-पेठकडच्या द्विशिक्षकी शाळेत ते पुन्हा टाइप करायला माणूस कुठून आणायचा?

आधी हे बघा : सी ड्राइव्ह भरलाय का? संगणक सुरू होताना नको ते प्रोग्रॅम उघडतात का? व्हायरस स्कॅन केलाय का? रॅम सैल असेल किंवा हार्ड डिस्कच खराब असेल, तर विंडोज दहादा टाकूनही दुखणं तेच राहणार.

व्हायरस हटतच नसेल किंवा सिस्टिमच्या फाईली बिघडल्या असतील, तर खुशाल टाका. पण आधी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या. आणि जुनं विंडोज ७ पुन्हा टाकू नका, त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय.

मुलाचं एक गणित चुकलं म्हणून आपण अख्खी वही फाडत नाही ना?