मोजा दिला, पण कशाचा?

"आम्ही हातमोजे देतो, तीच माणसं घालत नाहीत." सफाई कामगारांच्या, कारखान्यातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या हातांचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. मी ते मुकादमाच्या तोंडून ऐकलं, विभागप्रमुखांच्या तोंडून ऐकलं. रसायनशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा काही वर्षं मी स्वतःही विद्यार्थ्यांना तेच सुनावत असे. आज मला ते मुळातच चूक वाटतं.

ज्यांच्यावर हा आरोप होतो त्यांचा हात आधी पाहू. आमच्या गल्लीत घंटागाडीवर येणाऱ्या ताईंनी एकदा आपला हॅन्डग्लोज काढून दाखवला. सुती विणीचा. ओल्या कचऱ्याचे दोन डबे उपसले की तो चिंब होतो आणि मग पाळी संपेपर्यंत ते घाण पाणी बोटांना बांधून ठेवतो. "यापेक्षा उघडा हात बरा, निदान नळाखाली धरता येतो," त्या म्हणाल्या. त्याच कचऱ्यात सॅनिटरी पॅड असतात, इन्सुलिनच्या सुया असतात, फुटलेल्या बाटल्या असतात. सुई तर या मोज्यातून सहज आरपार जाते. तो काढून ठेवण्याला बेशिस्त म्हणायला मी तयार नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कामगारांना हातमोजे देणं बंधनकारक केलं. पण खरेदीच्या कागदावर नुसतं 'हातमोजे, जोड्या इतक्या' असं लिहिलं की सुती मोजाही त्यात बसतो.

यावर उत्तर येतं, "काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं." हे तर जास्त घातक आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात कॅरन वेटरहान नावाच्या प्राध्यापिका होत्या. विषारी धातूंचा शरीरावर होणारा परिणाम हाच त्यांचा अभ्यासविषय. 14 ऑगस्ट 1996 रोजी फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, काम करताना डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहाल संयुगाचे एक-दोन थेंब त्यांच्या मोज्यावर पडले. मोजा लेटेक्सचा होता, आणि तेव्हाच्या समजुतीनुसार तो पुरेसा होता. त्यांनी हातातलं काम आवरलं आणि मग मोजे काढले. मोजा फाटला नव्हता, हात भाजला नव्हता, काही जाणवलंही नव्हतं. जानेवारीत तोल जाऊ लागला, जीभ अडखळू लागली. 8 जून 1997 रोजी त्या गेल्या. नंतर चाचणी झाली तेव्हा कळलं की ते द्रव्य तशा मोज्यातून 15 सेकंदांच्या आत पार होतं. उघड्या हातावर थेंब पडला की माणूस दचकतो, नळाकडे धावतो. चुकीचा मोजा त्याचं ते दचकणंच काढून घेतो.

म्हणून 'हातमोजा' म्हणजे एकच एक वस्तू, ही समजूत सोडली पाहिजे. तेल, पेट्रोल यांना लेटेक्स टिकत नाही, नायट्राइल टिकतं. तेच नायट्राइल ॲसिटोनपुढे हार खातं, तिथे ब्युटाइल रबर लागतं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा मोजा बेंझीनसारख्या द्रावकांना अडवतो, पण पाण्यातच विरघळू लागतो. मी पुढे वर्गात हे सांगत बसण्याऐवजी दाखवू लागलो. निळ्या, पातळ नायट्राइल मोज्याच्या एका बोटात ॲसिटोन ओतायचं आणि तो हूडमध्ये टांगून ठेवायचा. थोड्या वेळात ते बोट फुगतं, लांबतं, लिबलिबीत होतं. मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येत. पण त्यांना एक गोष्ट बजावून सांगावी लागे: प्रत्येक वेळी असं डोळ्यांना दिसत नाही. रसायनाचे रेणू अखंड रबरातून, एकही भोक नसताना, झिरपत जातात. त्याला किती मिनिटं लागतात हे मोजता येतं आणि उत्पादकाच्या तक्त्यात ते छापलेलं असतं. खरेदी करणाऱ्याने तो तक्ता उघडायला हवा.

"चांगले मोजे महाग पडतात, जाड मोज्यात बोटांना काही कळत नाही," ही तक्रार मात्र खरी आहे. जाड मोजा घालून पिपेट धरणं अवघडच. पण प्रत्येकाला प्रत्येक मोजा लागत नाही. कोणतं काम, कोणतं द्रव्य, किती वेळ, एवढं ठरलं की यादी आपोआप आखूड होते. रक्ताचे नमुने हाताळताना पातळ मोजा चालतो, फक्त तो दर रुग्णामागे बदलावा लागतो, काढल्यावर हात धुवावे लागतात आणि तोच हात फोनला लावायचा नसतो.

शस्त्रक्रियेतल्या रबरी मोज्याचा इतिहासच माझ्या बाजूने आहे. 1889–90 च्या हिवाळ्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांना जंतुनाशक मर्क्युरिक क्लोराइडने पुरळ उठलं. शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी तिला 'सोस' म्हटलं नाही. त्यांनी गुडइयर रबर कंपनीला सांगून पातळ रबराच्या दोन जोड्या करून घेतल्या. हात कुणाचा आहे आणि त्याला त्रास कशाचा होतो, हे आधी पाहिलं गेलं. मोजा नंतर आला.

आमच्या गल्लीतल्या ताईंना तो प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. पुढच्या खरेदीआधी त्यांना कार्यालयात बोलवा, खुर्ची द्या, नमुन्याचे चार मोजे समोर ठेवा आणि एकेक घालून ओल्या कचऱ्याचा डबा उपसायला सांगा. निविदेतली ओळ त्यानंतर लिहा.