'एक वर्ष थांब की!'

१४ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिम्पिकमधली व्हॉल्टची फायनल. मी तेव्हा आठवीत होते. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला लवकर उठायचं होतं, तरी आई-बाबांसोबत रात्री टीव्हीसमोर जागी राहिले. दीपा कर्माकर धावत आली, टेबलावर हात टेकले आणि हवेत दोन कोलांट्या घेऊन खाली उतरली. प्रोदुनोव्हा! धावण्यापासून उतरण्यापर्यंत सगळा मामला काही सेकंदांचा. ब्राँझ अवघ्या ०.१५ गुणांनी हुकलं. सकाळी शाळेत जिलेबीपेक्षा जास्त चर्चा तिचीच.

मग बातमी आली की रिओहून परतल्यावर दीपा लगेच एम.ए.च्या परीक्षेला बसली. 'बघा, शिका काहीतरी!' या सुरात ती सगळीकडे फिरली. आमच्या बाईंनी तर वर्गात वाचून दाखवली. मलाही भारी वाटलं होतं. आता वाटतं, टाळ्या जरा चुकीच्या जागी वाजल्या. तिच्यासाठी परीक्षेची तारीख थोडी पुढे गेली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं, हे तेव्हा कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण म्हणजे अकरावी-बारावीतली माझी बाकावरची मैत्रीण. ती जिम्नॅस्ट. सकाळी सहा ते साडेआठ प्रॅक्टिस, मग कॉलेज, पुन्हा पाच ते आठ प्रॅक्टिस. पोळी-भाजीचा डबा ती लोकलमध्ये उभ्या उभ्या संपवायची. तिच्या बॅगेतल्या प्रत्येक वहीवर चॉकची पांढरी पूड असायची. बारवर झोके घेऊन तळहाताची साल निघायची, म्हणून ट्रेनमध्ये ती दांड्याला मनगट अडकवायची. असाच सोललेला हात घेऊन तिने प्रिलिमचा अकाउंट्सचा पेपर लिहिला होता. पेन रुमालात गुंडाळून. पर्यवेक्षकांना आधी वाटलं, कॉपी आहे!

बॅलन्स बीम फक्त १० सेंटिमीटर रुंद असतो. आपला मोबाइल आडवा ठेवला तर दोन्हीकडून बाहेर येईल. त्यावर ती उलटी कोलांटी मारायची, आणि जिमबाहेर मात्र तिची नुसती तारांबळ. नवरात्रात गरबा नाही, कारण घोटा मुरगळला तर? ट्रिप नाही, कट्टा नाही. 'तू काय बाबा, सेलिब्रिटी' हा टोमणा आम्हीच मारायचो. नातेवाइकांचं वेगळंच. 'मुलीला एवढे दंड कशाला?', 'उंची खुंटेल हं!'

आणि बारावी आली तशी सगळ्यांची एकच टेप सुरू झाली : 'एक वर्ष थांब की! बोर्ड झालं की कर पुन्हा.'

हे बोलणारी माणसं वाईट नव्हती. पण जिम्नॅस्टिक्समध्ये एक वर्ष थांबणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपण कधी, कुठे आणि किती फिरलोय हा अंदाज हवेत शरीरालाच यावा लागतो. तो रोजच्या सरावाने टिकतो. त्या वयात शरीर बदलत असतं, उंची-वजन बदललं की जमलेली उडीही पुन्हा बसवावी लागते. वर्षभराने परतलेली मुलगी सोडलं तिथून सुरुवात करत नाही, बरीच मागून करते. आणि मागून केलेल्या प्रोदुनोव्हात माणूस मानेवरही पडू शकतो.

महिलांच्या सीनियर गटात उतरायला त्या वर्षी सोळा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे आपली दहावी. तिथून पुढची पाच-सहा वर्षं खेळाची ऐन उमेदीची, आणि तीच बोर्डाची, सीईटीची, डिग्रीची. दीपाने २०२४ मध्ये, तिशी ओलांडल्यावर ताश्कंदला आशियाई सुवर्ण जिंकलं, हे खरं. पण मधे गुडघ्याचं ऑपरेशन होऊनही ती टिकली, म्हणून ती दीपा. नियम अपवादांवर बेतायचे नसतात ना!

आपल्याकडे खेळाडूंसाठी काहीच नाही असंही नाही. दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. पण हे सगळं मेडल किंवा सर्टिफिकेट हातात आल्यावर. ते मिळवायला जे तास लागतात त्यांचं काय? आमच्या ज्युनियर कॉलेजात स्पर्धेच्या दिवसांची हजेरी मिळायची, सरावाची नाही. क्लब बाहेरचा, कोच बाहेरचे, त्यामुळे ७५ टक्क्यांच्या हिशेबात ती कायम डिफॉल्टर लिस्टमध्ये. आणि इथे मला माझीही एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याच कॉलेजात एकांकिकेच्या तालमींसाठी मला महिनाभराची हजेरी मिळाली होती. आमची एकांकिका प्राथमिक फेरीतच बाद झाली, तरीही!

म्हणजे सवलत द्यायची पद्धत कॉलेजांना माहीत आहे. तीच या मुलामुलींपर्यंत न्यायची आहे. कोचच्या सहीने सरावाची हजेरी धरा. स्पर्धा आणि इंटर्नल एकाच आठवड्यात आली तर पेपर तितकाच अवघड ठेवा, फक्त तारीख बदला. नव्या शैक्षणिक धोरणात को-करिक्युलर म्हणून खेळाला क्रेडिट आहेत. ते कॉलेजच्या मैदानावर दोन तास घालवणाऱ्याला मिळणार आणि रोज पाच तास बारवर लटकणाऱ्या मुलीला नाही, असं तरी होऊ नये. 'मग उद्या सगळेच मागतील' असं सर लोक म्हणतील. मागू देत की. रोज सकाळी सहाला जिममध्ये हजर राहायची अट घाला, मग बघू किती जण उरतात.

माझी मैत्रीण बारावीत थांबली. तिला ७८ टक्के पडले, घरी पेढे वाटले. ती परत गेली तेव्हा बीमवर साधी उडी घेतानाही पाय लटपटले. चार महिन्यांत तिने सोडून दिलं. आता ती संध्याकाळी त्याच जिममध्ये लहान मुलींना शिकवते. परवा एका आईने तिला विचारलं, 'मॅडम, हिची दहावी आली की वर्षभर बंद करायचं ना?' काय सांगू, असं तिने मला रात्री मेसेज करून विचारलं. मी टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी तिला फोनच लावला.