मांजरच होती ना बे!

"मांजरच होती ना बे, दुसरी आण." चिंगी गेली त्या दुपारी एका जवळच्या मित्रानं माझं असं सांत्वन केलं. ऑफिसात मी खरं कारण सांगितलंच नाही. 'ताप आहे' म्हणून सुट्टी टाकली. मांजरीसाठी मागितली असती तर सगळे हसले असते.

दहा वर्षं घरात होती ती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला आली, वर्क फ्रॉम होममध्ये की-बोर्डवर झोपली. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा तिचीच. शेवटी किडन्यांनी साथ सोडली.

आणि म्हणे हे प्राणिप्रेमाचं खूळ नवीन, इन्स्टाग्रामवालं! मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे कोणत्या ॲपनं सांगितलं? आपल्याच आज्यांनी ना? 1749 साली वारलेल्या छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आजही आहे. प्राचीन इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की माणसं भुवया भादरत, असं हिरोडोटस लिहून गेला.

"इथे माणसं मरतात, अन् तू मांजरीसाठी रडून राहिला?" हो, रडून राहिलो. दुःख काय रेशनचं धान्य आहे, एकाला दिलं की दुसऱ्याला कमी पडायला? आजोबा गेले तेव्हाही रडलोच होतो.

दुसरी मांजर येईलही. ती चिंगी नसेल. म्हणून पुढच्या वेळी कुणाची मांजर गेली, तर सल्ला देऊ नका. फक्त विचारा, नाव काय होतं तिचं?