गाडी घरी खोलावी की मिस्त्रीकडे न्यावी?

आमचे अब्बा मुंबईत टॅक्सी चालवायचे. काळी-पिवळी पद्मिनी. जुम्म्याच्या दिवशी सकाळी ती चाळीच्या आवारात उभी राहायची, बॉनेट वर जायचे आणि अब्बा तिचे 'ट्यूनिंग' करायला बसायचे. पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, प्लग काढून त्यांची काजळी खरवडायची, कार्बोरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकायचा. मग इंजिन सुरू करून डोळे मिटून आवाज ऐकायचे. स्क्रू पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे. आवाज मनासारखा लागला की नहायला जायचे. त्या टॅक्सीला गॅरेजची पायरी क्वचितच चढावी लागली.

पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. अब्बा त्याआधीच गेले होते. पण त्यांचा पान्यांचा डबा आमच्याकडे चिपळूणला आहे, आणि तो डबा घरात असल्यामुळेच गेल्या वर्षी आमच्या डोक्यात एक खूळ शिरले.

निमित्त झाले एका बिलाचे. आमची गाडी लहान, तीन सिलिंडरची, पेट्रोलची, दहा वर्षांची. तिला शहरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दिले होते. बिल आले आठ हजार चारशे. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, अमुक क्लीनिंग, तमुक ट्रीटमेंट, मजुरी आणि मजुरीवर अठरा टक्के जीएसटी. शिक्षकाची नोकरी, घरात दहावीची मुलगी. आठ हजार म्हणजे क्लासच्या फीचा एक हप्ता. तरीही भरले. पंधरा दिवसांनी सहज एअर फिल्टरचा डबा उघडला, चार क्लिपा असतात, काही अवघड नाही, तर आत जुनाच फिल्टर. काळा पडलेला, वर एक वाळलेले आंब्याचे पान. बिलात मात्र नवा.

तक्रार केली. "चूक झाली सर" म्हणाले आणि फिल्टरचे पैसे परत केले. पण भरवसा गेला तो गेलाच. त्या रात्री आम्ही ठरवले, यापुढे गाडीला हात लावायचा तो आपणच.

अब्बांच्या वेळचे ट्यूनिंग आता गाडीत उरलेलेच नाही, हे आधी सांगायला हवे. कार्बोरेटर गेला, पॉइंट गेले. पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हे आता इंजिनचा संगणक ठरवतो. पाव वळसा फिरवायला स्क्रूच नाही. तेव्हा आज घरी करण्यासारखे राहते ते एवढेच: एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरीची देखभाल, कुलंटची पातळी, टायरची हवा, वायपरचे रबर. यातले बहुतेक काम गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आणि एक सुट्टीची सकाळ एवढ्यात होते.

एअर फिल्टर बाजारातून अडीचशेला आणला, पाच मिनिटांत बसवला. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आली होती. आधी वजा बाजूची वायर काढली, मग अधिकची. खायचा सोडा आणि कोमट पाण्याने टोके धुतली, कोरडी करून व्हॅसलीन लावले. जोडताना उलट, वजा बाजू शेवटी. प्लग बदलताना हात थरथरला. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच प्लग काढायचे आणि नवा प्लग सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवून बसवायचा, पान्याने नाही, कारण हेड ॲल्युमिनियमचे असते. आटा वाकडा लागला तर तीन प्लगच्या किमतीत वाचवलेले पैसे हेडच्या दुरुस्तीत कितीतरी पटीने जातात. आम्ही तिन्ही प्लग बसवले, चावी फिरवली, इंजिन एका झटक्यात सुरू झाले. अम्मी खिडकीतून म्हणाल्या, "बापावर गेलास." खरे सांगतो, शाळेत आदर्श शिक्षकाचा नारळ मिळाला होता तेव्हाही एवढे बरे वाटले नव्हते.

ऑइल बदलण्याचा बेत मात्र मुलांच्या अम्मींनी मोडून काढला. गाडीखाली शिरायचे म्हणजे जॅकवर भागत नाही, खाली मजबूत घोडी लावावी लागते. ती आमच्याकडे नव्हती. शिवाय काढलेले तीनेक लिटर काळे ऑइल टाकणार कुठे? जळके ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. आमच्या गल्लीचे गटार वाशिष्ठीला जाते, आणि नदीने काय केले ते चिपळूणकरांनी जुलै २०२१ मध्ये पाहिले आहे. तिच्यात आणखी ऑइल कशाला? तेव्हा ते काम गल्लीच्या तोंडावरच्या मिस्त्रीचाचांकडे गेले. तिथे काढलेले ऑइल पिंपात जमा होते आणि पुनर्वापरवाला येऊन घेऊन जातो.

इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. एका रविवारी बॉनेट उघडले तर ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खालच्या रेघेशी. दुकानातून बाटली आणली, वरच्या रेघेपर्यंत भरले, बॉनेट लावले. महिन्याभराने पुन्हा कमी. पुन्हा भरले. आपण किती दक्ष आहोत, याचे मनात कौतुकच होते.

ईदनंतर कऱ्हाडला फुफीकडे गेलो होतो. परतताना गाडीत अम्मी, मुलगी, मुलांच्या अम्मी आणि मागे फुफीने दिलेले डबे. कुंभार्ली घाट उतरू लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा खाली गेले. पुढच्या वळणावर आणखी खाली, जणू पायाखाली ओला स्पंज. समोरून ट्रक वर चढत होता. आम्ही काही बोललो नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, पेडल दोन-तीनदा दाबून जो काही ब्रेक लागला तो घेतला, आणि रस्ता जरा रुंद झाला तिथे हँडब्रेक हळूहळू ओढत कडेला उभे राहिलो. हँडब्रेक वायरवर चालतो, ऑइलवर नाही. तेवढे तरी शाबूत होते. मुलीने विचारले, "अब्बू, का थांबलो?" "इंजिन गार होऊ दे," आम्ही खोटे बोललो.

खोटे फार वेळ टिकले नाही. मिस्त्रीचाचांना फोन केला. पहिले वाक्य: "मास्तर, गाडी एक फूटही पुढे घेऊ नका." दीड तासाने ते पोराला घेऊन आले. बायकांना दुसऱ्या गाडीने घरी पाठवले आणि आमची गाडी बांधून खाली नेली.

गॅरेजमध्ये मागचे डावे चाक काढले, ड्रम उघडला. आत सगळे ओले. चाकाजवळच्या ब्रेक सिलिंडरचे रबर गेले होते, ऑइल तिथून झिरपत होते आणि ब्रेक शूही त्यात भिजले होते. चाचांनी विचारले, "पातळी कमी झालेली दिसली नाही?"

"दिसली. दोनदा भरली."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, पोर वर्गात रोज रडत असेल तर तुम्ही त्याचे डोळे पुसून घरी पाठवता का?"

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही. बंद नळीतला तो माल आहे. कमी झाला तर एक तर पुढचे पॅड झिजले, म्हणजे पातळी हळूहळू उतरते, नाही तर कुठेतरी गळते आहे. भरून पातळी वर येते, दुखणे तिथेच राहते. हे आमच्या पुस्तिकेतही लिहिलेले होते. आम्ही एअर फिल्टरचे पान वाचले होते, ब्रेकचे नाही.

नवा सिलिंडर, नवे शू, नवे ऑइल. मग नळीतली हवा काढायची होती. चाचा चाकाशी निपलवर पाना लावून बसले, आम्हाला पेडलवर बसवले. "दाबा. धरून ठेवा. आता सोडा." चारही चाकांचे असे झाले. शेवटी पेडल पायाखाली घट्ट उभे राहिले. एकूण बिल एकोणीसशे. आम्ही दोन हजार दिले तर शंभर परत केले. काढलेला जुना सिलिंडर कागदात गुंडाळून हातात ठेवला. "प्रत्येक मिस्त्रीकडून जुना माल मागून घ्यायचा. देत नसेल तर त्याच्याकडे पुन्हा जायचे नाही."

सर्व्हिस सेंटरला हेच आधी विचारले असते तर ते आंब्याचे पान इतके दिवस आत राहिले नसते.

आता गाडीच्या खणात एक वही आहे. डाव्या पानावर आमची कामे, उजव्या पानावर चाचांची. ब्रेक, स्टिअरिंग, क्लच आणि गाडीखाली शिरून करायचे जे काही असेल ते सगळे उजवीकडे. घाटाच्या प्रवासाआधी एक फेरी त्यांच्याकडे, पैसे लागोत वा न लागोत. डाव्या पानावरची दोन कामे मुलीने मागून घेतली आहेत. या रविवारी एअर फिल्टर ती बदलणार आहे. आम्ही फक्त टॉर्च धरायची आहे.