उंच गाडी, ठेंगणा विचार

परवा पुतण्या मला म्हणाला, "काका, तुम्ही मराठी घेऊन बी.ए. झालात. टायरमधलं तुम्हाला काय कळणार?"

वाक्य लागलं, हे कबूल करतो. पण आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला कुणी असं म्हटलं की त्याचा हात आपोआप खडूकडे जातो. खडू नव्हता म्हणून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. तोच आज इथे देतोय. (घरातले वाचणारे नाव न घेताही ओळखतील. ओळखावं म्हणूनच लिहितोय.)

आधी हकिगत. पुतण्याने थार घेतली. तीन दारांची, १८ इंची चाकांची. गाडी उत्तम. वर्षभरात त्याने एका दुकानात जाऊन ती दोन इंच उचलून घेतली, म्हणजे स्प्रिंगांखाली ठोकळे घालून अंग वर केलं. मग २० इंची चकचकीत रिम आणि त्यावर रुंद टायर. खर्च किती झाला ते त्याने सांगितलं नाही, सूनबाईंनी सांगितलं. आमच्या सौ.ना गुडघ्यांमुळे आत चढता येईना, म्हणून आता डिकीत एक प्लास्टिकचं स्टूल असतं. हसू नका, खरंच असतं.

जानेवारीत एका लग्नासाठी आम्ही वरंध घाटाने महाडला निघालो. पुढे पुतण्या आणि मी, मागे सौ., सूनबाई आणि पाच वर्षांची नात. एका तीव्र वळणावर समोरून ट्रक आला. पुतण्याने स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि नेमकं तेव्हाच पुढचं चाक खड्ड्यात गेलं. खर्रर्र आवाज झाला आणि स्टिअरिंग अर्धा सेकंद अडकलं. फार नाही, अर्धाच सेकंद. ट्रकवाला सावध होता म्हणून आज हे लिहितोय. पुढे गाडी थांबवून पाहिलं तर टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासून त्यावर बोटभर रुंद चरा पडला होता. पुतण्या म्हणाला, "थोडं ट्रिमिंग करून घेतो." म्हणजे टायर बसत नाही, तर गाडी कापायची!

आता हिशोब. टायरच्या अंगावर आकडे छापलेले असतात. कंपनीचा टायर होता २५५/६५ आर १८. २५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! असा गोंधळ पेपरात केला असता तर मी मार्क कापले असते. असो. २५५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १६६ मिमी. वरची आणि खालची मिळून ३३१. अठरा इंच म्हणजे ४५७ मिमी. बेरीज सुमारे ७८९ मिमी. हा झाला चाकाचा पूर्ण व्यास.

पुतण्याने घातला ३०५/५५ आर २०. ३०५ चे ५५ टक्के म्हणजे १६८. दुप्पट केले तर सुमारे ३३५. वीस इंच म्हणजे ५०८. बेरीज सुमारे ८४३.

व्यास ५५ मिमीने वाढला. पण जमीन आणि गाडी यांतलं अंतर व्यासाने नाही, त्रिज्येने वाढतं. म्हणजे निम्मं, सुमारे २७ मिमी. आणि बाजूची भिंत? १६६ ची १६८ झाली. एवढा पैसा ओतून टायरचं रबर दोन मिलिमीटरने जाड झालं, बाकी सगळं लोखंड आणि ॲल्युमिनियम.

ही भिंत का महत्त्वाची? दगडावरून जाताना टायरने दबायचं असतं. वाळूत, चिखलात हवा कमी केली की टायर पसरतो आणि जमीन जास्त धरतो. ते पसरणं भिंतीच्या उंचीवर चालतं. बुटक्या भिंतीच्या टायरची हवा कमी केलीत तर दगड थेट रिमवर येतो. कंपनी याच थारच्या काही गाड्यांना २४५/७५ आर १६ देत असे. त्याची भिंत १८४ मिमी. म्हणजे रिम लहान, टायर उंच. रानात जायचं असेल तर रिम कमी करायची असते, वाढवायची नसते. जो मोठी रिम घालतो त्याला रानात जायचंच नाहीये, त्याला मॉलच्या पार्किंगमध्ये जायचंय.

आता त्या दोन इंच उचलण्याची गंमत. पुतण्या म्हणतो, "काका, क्लिअरन्स वाढला." कुठला वाढला? थारच्या मागच्या बाजूला सरळ आडवा ॲक्सल आहे आणि मधोमध डिफरन्शियलचा गोळा. तो चाकांबरोबर असतो, अंगाबरोबर नाही. स्प्रिंगखाली ठोकळा घातला की अंग वर जातं, गोळा होता तिथेच राहतो. दगड आपटणार तो गोळ्यावर. गोळा वर गेला तो फक्त टायरमुळे, तेवढाच २७ मिमी. अंग मात्र ५० अधिक २७ म्हणजे ७७ मिमी, चांगलं तीन इंच वर गेलं. उतरंडीवर वरच्या मडक्यात पाणी भरून ठेवल्यासारखं हे झालं. वळणावर ते कलणारच.

शिवाय व्यास सात टक्क्यांनी वाढला की काय होतं? काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी साडेपंच्याऐंशीच्या आसपास पळत असते. (कंपनीचा काटा मुळात थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे चूक झाकली जाते. झाकली जाते म्हणजे नाहीशी होत नाही.) दहा हजार किलोमीटर दिसतात तेव्हा सुमारे दहा हजार सातशे झालेले असतात, म्हणजे ऑइल उशिरा बदललं जातं. पहिल्या गिअरची ओढ सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी होते, म्हणजे ज्या चढासाठी हे सगळं केलं तिथेच गाडी दमते. ब्रेकलाही तीच गाडी थांबवायला सात टक्के जास्त जोर लागतो. आणि स्टेपनी? पुतण्याने टायर चारच घेतले, मागच्या दाराला जुनाच टांगलेला आहे! पंक्चर झालं, लहान चाक लावलं आणि चुकून फोर व्हील ड्राइव्ह टाकला, तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहणार आणि मधल्या दातेरी चाकांचा जीव जाणार.

आता एक जुनी आठवण. सप्टेंबर १९९९. लोकसभा आणि विधानसभा एकत्र होत्या. आम्हा शिक्षकांना नेहमीप्रमाणे निवडणुकीची ड्यूटी. भोरच्या पुढे डोंगरातलं गाव, वरून पाऊस, मतपेट्या आणि आम्ही पाच जण एका म्हाताऱ्या सरकारी जीपमध्ये. टायर सायकलपेक्षा जरासे जाड म्हणावेत असे. १६ इंची रिम आणि सहा इंच रुंदी, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला होतं तेच माप. चिखल आला तसा ड्रायव्हर उतरला, चारी चाकांची थोडी थोडी हवा सोडली आणि शांतपणे लो गिअरला गाडी काढली. ते अरुंद टायर वरचा पातळ चिखल कापत खालच्या कडक मुरमाला जाऊन टेकले. रुंद टायर असते तर वरच्या वर घसरत राहिले असते. मतपेट्या वेळेवर पोचल्या. गाडीकडे वळून बघावं असं तिच्यात काहीही नव्हतं.

मोठा टायर नेहमीच वाईट, असं माझं म्हणणं नाही. आइसलँडमध्ये ३८, ४४ इंची टायर लावतात आणि हवा जवळजवळ सगळी काढून भुसभुशीत बर्फावर तरंगत जातात. तिथे ती गरज आहे. त्यासाठी ते गिअरचं प्रमाण बदलतात, ब्रेक आणि मीटर नीट करून घेतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण टायर हवा!

"माझा पैसा, माझी हौस," हे शेवटचं अस्त्र असतं. हौस खोलीत करावी. घाटात समोरून एस.टी. येते, तिच्यात चाळीस माणसं असतात, त्यांना तुझी हौस विचारून केलेली नसते. कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. अपघात झाला तर विमावाले हाच कागद पुढे करतील, हेही लक्षात ठेवावं.

मुळात सगळा क्रमच उलटा झालाय. दुकानदार विचारतो, किती उचलायची? मग त्या पोकळीत मावेल तेवढा टायर, त्याला शोभेल ती रिम, आणि रस्ता शेवटी, बहुतेक वेळा कधीच नाही. खरा क्रम असा हवा: आधी रस्ता कुठला ते ठरवा. मग गाडीत किती माणसं, किती वजन ते पाहा. मग भिंत उंच असलेला टायर निवडा, मूळ व्यासाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आतला, आणि वजन पेलण्याचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसलेला. रिम ब्रेकवर बसेल तेवढी लहान. पाचही टायर एका मापाचे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण कापून, एक चाक उंचवट्यावर चढवून, कुठे घासत नाही ना ते डोळ्यांनी बघा. एवढं केल्यावर गाडी उचलायची गरज उरली तर मला फोन करा. फोन येणार नाही याची खात्री आहे.

पुतण्याला मी कॅलेंडरचा तो कागद दिलाय. त्याखाली लाल पेनाने एकच ओळ लिहिली आहे: जुनी चाकं परत बसेपर्यंत मी आणि तुझी काकू एस.टी.ने येऊ, आणि नातीला तेवढे दिवस आमच्याकडे सोड.

दोन दिवस तो बोलला नाही. काल रात्री फोन आला. "काका, तो २७ मिलिमीटरचा हिशोब परत एकदा सांगता का?"

सांगितला. न रागावता, पहिल्यापासून.