मंद्र सुराचें ओझें

घरांतील एखादा मुलगा गायनवादनाकडे वळला म्हणजे वडील मंडळींचा पहिला प्रश्न अभ्यासाचा असतो, आणि तो सुटला कीं दुसरा खर्चाचा. पूर्वीं हा खर्च तबल्याची जोडी किंवा बाजाची पेटी एवढ्यावर भागत असे, आणि ती पारखून घ्यावयास घरींदारीं कोणी तरी जाणता मनुष्य मिळे. हल्लीं पुष्कळ मुलें गिटार शिकतात, व त्यांतील कांहीं बेस गिटार हातीं धरतात. हें वाद्य विजेवांचून जवळजवळ मुकें. त्यास ॲम्प्लिफायर हवा, स्पीकर हवा, आणि ते कसे निवडावे हें घरांत कोणासच ठाऊक नसतें. मग दुकानदार सांगेल तेंच प्रमाण! म्हणून या महिन्यास हा विषय घेण्याचें योजिलें आहे. या शास्त्रांत मी अधिकारी पुरुष नव्हे; माझा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. परंतु सूत्र नीट समजलें म्हणजे उदाहरण सोडवितां येतें, एवढी शिक्षकी श्रद्धा मजपाशीं अद्याप शिल्लक आहे.

प्रथम वडीलधाऱ्यांची एक शंका फेडली पाहिजे. हें परकें वाद्य, त्यांतहि नुसतें घुमणारें. त्यापायीं एवढा खटाटोप कशास, असें पुष्कळांस वाटतें. वाद्य परकें आहे खरें, पण त्याचा सूर परका नाहीं. आपल्याच मराठवाड्यांत, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून, तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यांत नादाचीं तीन स्थानें सांगितलीं आहेत : मंद्र हृदयांत, मध्य कंठांत आणि तार मस्तकांत, व प्रत्येक पुढचें स्थान मागच्याच्या दुप्पट. आजचें पदार्थविज्ञान हाच दुपटीचा संबंध कंपनांच्या संख्येनें मांडतें. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां सेकंदास सुमारें ४१ कंपनें होतात. साध्या गिटारच्या जाड तारेचीं बरोबर त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारें ८२. हा खालचा सूर कानांपेक्षां छातींतच अधिक जाणवतो. वाद्यवृंदांत त्याचें काम तंबोऱ्यांतील खर्जाच्या तारेसारखें असतें. तो थांबला म्हणजे नेमकें काय गेलें हें ऐकणाऱ्यास सांगतां येत नाहीं. गाणें पोकळ झालें एवढें मात्र खास कळतें.

पूर्वीं पाश्चात्त्य वृंदांत हें काम डबल बेस नांवाचें पुरुषभर उंचीचें वाद्य करी. तें नेण्याआणण्यास अवघड, आणि मोठ्या वृंदांत ऐकूं येण्यास दुर्बळ. १९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं विजेवर वाजणारी, गळ्यांत अडकवितां येणारी बेस गिटार विक्रीस आणली. वादकाच्या पाठीवरचें ओझें उतरलें खरें, परंतु तें नाहींसें झालें नाहीं. वाद्यांतून निघून स्पीकरच्या पेटींत शिरलें! १९६९ च्या सुमारास अँपेग कंपनीनें काढलेला ३०० वॅटचा एस. व्ही. टी. हा ॲम्प्लिफायर एकटाच ३५ किलोंहून जड होता, आणि दहा इंची आठ स्पीकरांची त्याच्या जोडीची पेटी साठ किलोंच्या वर भरे. (येथून पुढें ‘पेटी’ म्हणजे स्पीकरची समजावी, बाजाची नव्हे.) अशा पेट्या वाहावयास मोटार आणि चार गडी लागत. आपल्याकडील होतकरू वादकाजवळ यांपैकीं कांहींच नसतें.

परभणींतील एका एकत्र कुटुंबांत या प्रश्नावर झालेला विचारविनिमय मला ऐकावयास मिळाला. घरांतील पुतण्या महाविद्यालयांत शिकतो व एका वाद्यवृंदांत बेस गिटार वाजवितो. गणेशोत्सवांत सेलू, गंगाखेड, आणि लग्नसराईंत जिंतूर, अशी त्याची फिरती असते. सेलूस व गंगाखेडास आगगाडी आहे, जिंतुरास एस. टी. वांचून गति नाहीं. मागल्या हंगामांत, पेटी नेण्याची सोय नाहीं म्हणून, त्यानें दोन बोलावणीं नाकारलीं. आणि वृंदांतील त्याची जागा दुसऱ्यास द्यावी असें बोलणें निघूं लागलें. काकांनीं एक जुनी, चाळीस किलोंची जोडणी हेरून ठेविली होती. “वॅट भरपूर आणि किंमत निम्मी,” असा त्यांचा हिशेब. पुतण्या म्हणाला, “काका, आवाज चांगलाच आहे तिचा, पण मी एकटा ती स्थानकाच्या जिन्यावरून कशी नेऊं?” आजींनीं मधेंच विचारलें, “अरे, ती वाजते कशी हें तुम्ही बघितलंत. ती रोज उचलणार कोण, हें कोणी बघितलंत का?” त्या दिवशींचा सर्वांत शास्त्रशुद्ध प्रश्न तोच होता. कारण मुलाच्या कमरेची किंमत दुकानदाराच्या पावतींत लिहिलेली नसते.

आतां हलकेपणा येतो कोठून तें पाहूं. खालचा सूर उत्पन्न करावयाचा म्हणजे पुष्कळ हवा हलवावी लागते. ४१ कंपनांच्या सुराची एक लाट सुमारें आठ मीटर लांब असते. आपल्या दिवाणखान्याहूनहि मोठी! पेटीच्या रचनेविषयीं हॉफमन यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला एक कठोर नियम आहे. पेटी लहान असावी, सूर खोल निघावा, आणि थोड्या विजेंत मोठा आवाज यावा, या तीन इच्छांपैकीं दोनच पुऱ्या होतात. तिसरीवर पाणी सोडावें लागतें. आजच्या हलक्या पेट्या तिसरी इच्छा सोडतात. पेटी लहान ठेवून सूर खोल काढतात आणि वीज अधिक घेतात. हें परवडतें, कारण गेल्या कांहीं दशकांत वॅटच हलके झाले आहेत.

ते असे. जुना ॲम्प्लिफायर प्रवाह अर्धवट उघड्या तोटीसारखा रोखून धरी, व रोखलेली शक्ति उष्णता होऊन वायां जाई. ‘क्लास डी’ जातीचा नवा ॲम्प्लिफायर ती तोटी सेकंदास लाखों वेळां पूर्ण उघडतो व पूर्ण मिटतो. त्यामुळें उष्णता थोडी, आणि ती घालविणारे जड धातूचे पंखेहि लहान. दुसरें कारण ट्रान्सफॉर्मरचें. घरगुती वीज सेकंदास ५० आवर्तनांची; तिजसाठीं लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर लागे. नव्या रचनेंत तीच वीज आधीं सेकंदास हजारों आवर्तनांची करून घेतात, म्हणजे मुठींत मावेल एवढ्या ट्रान्सफॉर्मरवर काम भागतें. तिसरें कारण चुंबकाचें. १९८३ च्या सुमारास जपानांत मासातो सागावा यांनीं, आणि स्वतंत्रपणें अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या शास्त्रज्ञांनीं, निओडिमियम, लोह व बोरॉन यांचें अत्यंत प्रबळ चुंबक सिद्ध केलें. जुन्या फेराइट चुंबकाच्या थोड्याशा वजनांत तें तेवढेंच काम करतें. याचें फळ असें कीं, ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर आज दोन-तीन किलोंत मिळतो, आणि बारा इंची एका स्पीकरची चांगली पेटी बारा ते पंधरा किलोंत.

पण फुकट कांहींच नसतें. निओडिमियम महाग आहे. क्लास डीच्या पट्टीवरील भाग सूक्ष्म व दाटीनें बसविलेले असल्यानें तो बिघडला असतां गांवचा रेडिओ-मेकॅनिक बहुधा हात टेकतो. जुना जड ॲम्प्लिफायर मात्र तो खोलून दुरुस्त करी. परभणीसारख्या ठिकाणीं राहणाऱ्यानें, दुरुस्ती कोठें होईल, हमी किती वर्षांची, आणि तोंवर बदली यंत्र मिळेल कीं नाहीं, हें किंमतीच्याहि आधीं विचारावें. आपला उन्हाळा ४२ अंशांच्या पुढें जातो. म्हणून यंत्राचीं हवेचीं छिद्रें कापडानें झाकूं नयेत, व तें उन्हांत ठेवूं नये.

आतां काकांच्या वॅटांचा हिशेब. नुसते वॅट पाहणें म्हणजे बैलाची ताकद पाहून गाडीचीं चाकें न पाहण्यासारखें आहे. पेटीची संवेदनशीलता डेसिबलांत लिहिलेली असते, ती वाचावी. दर ३ डेसिबलांच्या फरकास शक्ति दुप्पट लागते. एक पेटी ९४ डेसिबलांची व दुसरी १०० ची असेल, तर दुसरी १०० वॅटांत जेवढा आवाज देईल तेवढ्यास पहिलीला ४०० वॅट लागतील. शिवाय दहापट वॅट दिले तरी कानास आवाज साधारण दुप्पटच वाटतो. ड्रम वाजविणाऱ्याच्या शेजारीं बसावयाचें तर बहुधा ३०० ते ५०० वॅट घेतात. घरच्या सरावास २० ते ५० पुरेसे होतात.

दुसरा आंकडा ओहमचा. ८ ओहमच्या दोन पेट्या शेजारीं शेजारीं जोडल्या म्हणजे ॲम्प्लिफायरास ४ ओहमचा भार पडतो, व बहुतेक ॲम्प्लिफायर आपली पूर्ण शक्ति तेव्हांच देतात. परंतु ४ ओहमच्या दोन पेट्या जोडल्यास भार २ ओहमचा होतो, आणि ज्या यंत्रावर किमान ४ लिहिलें आहे तें त्यांत बिघडूं शकतें. म्हणून पहिली पेटी ८ ओहमचीच घ्यावी, म्हणजे पुढें जोड मिळवितां येते. याचा दुसरा लाभ कावडीसारखा आहे. तीस किलोंची एकच पेटी एका बाजूस कंबर वांकविते. पंधरा-पंधरा किलोंच्या दोन पेट्या दोन हातांत तोल राखतात, आणि लहान कार्यास एकच न्यावी लागते. त्या कुटुंबानें अखेर हाच मार्ग पतकरला. अडीच किलोंचा ॲम्प्लिफायर व तेरा किलोंची, बारा इंची, ८ ओहमची एक पेटी आतां. दुसरी, पुतण्याच्या स्वतःच्या मिळकतींतून पुढें. काकांनीं आपण हेरलेल्या जोडणीचा आग्रह सोडला, आणि वर चाकांची एक लहान गाडीहि घेऊन दिली. त्यानंतर पुतण्यानें जिंतूरचें बोलावणें नाकारलें नाहीं.

लहान पेटी अगदीं खालचा सूर पूर्ण बळानें देत नाहीं, हें खरें. येथें निसर्गानें कानाला एक देणगी दिली आहे. ४१ चा मूळ स्वर क्षीण असला तरी त्याचे ८२, १२३ हे वरचे अंश ऐकून कान मूळ स्वर मनांत पुरा करतो. तंबोऱ्यांत गंधाराची तार नसतांहि खर्जांतून गंधार ऐकूं येतो, हें आपणांस ठाऊकच आहे. कान तुटक सामग्रींतून पुष्कळ कांहीं रचतो. शिवाय मोठ्या मांडवांत ध्वनिक्षेपकवाल्याचे मोठे स्पीकर असतातच. ॲम्प्लिफायरास ‘डी. आय.’ नांवाची थेट जोडणी असली म्हणजे तेथून वाद्याचा आवाज त्यांच्याकडे जातो. मग आपली पेटी केवळ वादकास स्वतःचा सूर ऐकूं येण्यापुरती लागते. ही जोडणी नसलेलें यंत्र फिरत्या वादकानें घेऊं नये.

एकत्र कुटुंबांत आणखी एक सोय अवश्य पाहावी, ती कानाला लावावयाच्या हेडफोनची. खालचा सूर भिंतींतून सहज पलीकडे जातो. माजघरांत कोणाची दुपारची झोंप, वर कोणाची परीक्षा, आणि शेजारीं कोणाचें दुखणें असतें. रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं बंदी आहे. पण घरच्या माणसांची सोय पाहावयास नियमाची वाट पाहूं नये.

विजेविषयीं दोन शब्द. परदेशांतून आणलेलें यंत्र १२० व्होल्टचें नाहीं ना, आपल्या २३० वर चालतें ना, हें आधीं वाचावें. खेड्यांतील मांडवांत जनित्राचा दाब वर-खालीं होतो, यासाठीं यंत्राची दाब सोसण्याची मर्यादा विचारावी. तीन दांड्यांच्या प्लगाचा तिसरा दांडा काढून टाकण्याची खोड पुष्कळांस असते. ती जिवावर बेतूं शकते, कारण धातूच्या तारांवर वादकाचे हात सतत असतात.

खरेदीस जातांना मुलानें आपली स्वतःची गिटार बरोबर न्यावी. खालची जाड तार छेडून पेटीजवळ न थांबतां दहा-पंधरा पावलें दूर जाऊन ऐकावें, कारण खोल सूर अंतरावरच नीट पारखला जातो. आवाज चढविल्यावर पेटी खडखडते कीं काय तें पाहावें. त्यानंतर ती उचलून दुकानाचा जिना दोन वेळां चढावा-उतरावा. घरांतील एक वडील मनुष्य बरोबर असावें. त्यास सुरांतलें कळत नसलें तरी चालेल. दुसऱ्या खेपेस मुलाचा श्वास किती लागला हें त्यास निश्चित कळेल, आणि पेटी घ्यावी कीं नाहीं याचें अर्धें उत्तर तेथेंच मिळेल.